भाऊ 'रिस्क'मध्ये आहे म्हणतात. जुनं उकरणारी थेरपी सुरू करावी का?

मिरजेची_ताई | १२ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ १९ वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलंय. रात्री खोलीला आतून कडी लावतो. कडीवरही भरवसा नाही म्हणून दाराला टेकून स्टीलचा तांब्या ठेवतो, दार हललं की वाजावा म्हणून. मागच्या गल्लीतली पोरं आपल्याबद्दल बोलतात असं त्याला वाटतं. खोदून विचारलं तर म्हणतो, "तसं नसेलही ताई, मला वाटतं खरं." झोप लागता लागता किल्ल्यांचा जुडगा वाजल्यासारखा आवाज येतो आणि कुणीतरी "ऊठ" म्हणतं. हे महिन्यातून चार-पाच वेळा.

पाचवी ते सातवी तो एका निवासी शाळेत होता. तिथला वॉर्डन रात्री किल्ल्या वाजवत यायचा, एकेकाला उठवून न्यायचा आणि पट्ट्यानं मारायचा. आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या महिन्यात गच्चीवर कुरडया उलटताना तो मला एकदम सांगून मोकळा झाला. माझ्या हातातली कुरडई तशीच राहिली.

सायकिॲट्रिस्टना दाखवलं. ते म्हणाले, हा स्किझोफ्रेनिया नाही, पण सायकोसिसच्या (भास आणि खरं यांतला फरकच कळेनासा होतो, त्या आजाराच्या) 'रिस्क'ची अवस्था आहे, लक्ष ठेवायचं. जड औषधं दिली नाहीत. त्यांच्याकडच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमचं म्हणणं असं की शाळेतल्या आठवणींवर सरळ काम करावं. ईएमडीआर म्हणून एक पद्धत सांगितली, आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे असतात म्हणे. इकडे आत्या आणि आमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, खपली काढू नका, पोरगं हातचं जाईल.

मला एवढंच हवंय: जुनं उघडल्यामुळे खरोखर सायकोसिस होऊ शकतो का? कुणी यातून गेलंय का?

शेवगा | १२ एप्रिल, रात्री ११:५८

ताई, अनुभव नाही, पण वाचून झोप उडाली. भावानं तुम्हाला सांगितलं हेच केवढं मोठं आहे. जाणकार येतील, धीर धरा.

घाटमाथा | १३ एप्रिल, सकाळी ७:१०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या पिढीत मार न खाल्लेलं पोरगं शोधून सापडायचं नाही. १९ व्या वर्षी कॉलेजचं टेन्शन, मोबाईल, रात्रीची जागरणं, यातून असं होतं. त्यात 'रिस्क'चा शिक्का मारला की पोराच्या डोक्यात तेच बसतं, उद्या लग्नाच्या वेळी आडवं येतं. सकाळी पळायला पाठवा, शेतावर न्या, मोबाईल काढून घ्या. आठ वर्षांपूर्वीचा वॉर्डन आज उकरून काय मिळणार?

कृष्णाकाठ_ते_मँचेस्टर | १३ एप्रिल, दुपारी १:३५

ताई, मी मूळची कराडची. इकडे मँचेस्टरला सायकोसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या मुलांसाठीच्या टीममध्ये नर्स आहे, अकरावं वर्ष चालू आहे. सविस्तर लिहिते.

घाटमाथा, शिक्क्याबद्दलची तुमची भीती मला पटते, पण ही अवस्था कुणाच्या मनची नाही. १९९४ च्या सुमारास मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि ॲलिसन युंग या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं आणि निकष ठरवले. तीन वाटांनी माणूस या गटात येतो. भास, संशय आहेत पण सौम्य किंवा कधीमधी. नाहीतर जोरदार भास झाले, पण आठवड्याच्या आत आपोआप गेले. नाहीतर अगदी जवळच्या नात्यात आजार आहे आणि माणूस स्वतः अभ्यासात-कामात एकाएकी घसरलाय. ताईंचा भाऊ पहिल्या वाटेचा दिसतो. "तसं नसेलही" हे त्याचं वाक्य फार मोलाचं आहे. शंका घ्यायची जागा त्याच्याकडे अजून शिल्लक आहे. सायकोसिसमध्ये ती जागाच जाते.

रिस्क म्हणजे आजाराची पहिली पायरी चढला असंही नाही. २०१२ साली बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून पाहिलं तेव्हा अशा १०० जणांपैकी साधारण २२ जणांना वर्षभरात आणि ३६ जणांना तीन वर्षांत सायकोसिस झाला होता. २०२१ च्या आढाव्यात तीन वर्षांचा आकडा २५ वर आला. म्हणजे बहुतेकांना होत नाही. पण उरलेले सगळे मजेत असतात असं मात्र नाही. चिंता, नैराश्य, झोपेची वाट लागणं हे बऱ्याच जणांच्या मागे राहतं, म्हणून मदत लागतेच.

आता मारझोडीबद्दल. २०१२ मध्येच आणखी एक मोठा आढावा आला होता. लहानपणी छळ, मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड वाट्याला आलेल्यांमध्ये सायकोसिसची शक्यता इतरांच्या सुमारे २.८ पट दिसली. मार खाल्लेल्या प्रत्येकाला आजार होतो असा याचा अर्थ नाही, घाटमाथांची पिढी त्याला साक्ष आहे. पण 'काही होत नाही' असंही आता म्हणता येत नाही.

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या फॅमिली डॉक्टरांची भीती एकट्या त्यांची नाही. कित्येक वर्षं आमच्या क्षेत्रात हेच शिकवलं जायचं: भास होणाऱ्या माणसाच्या जुन्या जखमेला हात लावू नका, बिघडेल. पीटीएसडीच्या (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या त्रासाच्या) थेरपीच्या चाचण्यांमधून अशा लोकांना वगळलंच जायचं. मग नेदरलँड्समध्ये कुणीतरी ते तपासायचं ठरवलं. निकाल २०१५ साली आले. सायकोसिसचा आजार आणि पीटीएसडी दोन्ही असलेले १५५ लोक. काहींना ईएमडीआर, काहींना प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (तीच आठवण पुन्हा पुन्हा सांगायची थेरपी), बाकीचे प्रतीक्षा यादीवर. दीड दीड तासाची आठ सेशन्स. आधी 'मन घट्ट करण्याचे' महिने वगैरे नाहीत, थेट आठवणीवर काम. थेरपी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा पीटीएसडी निकषाखाली गेला, यादीवरच्यांमध्ये जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. आणि भास-संशय बिघडण्याचं प्रमाण? थेरपी घेतलेल्यांमध्ये वाढलं नाही, उलट कमीच होतं.

पावशेर | १३ एप्रिल, दुपारी ४:०२

उत्तम प्रतिसाद. पण एक शंका. ते १५५ जण आधीच आजारी होते, बरेचसे औषधांवरही असणार. ताईंचा भाऊ अजून उंबरठ्यावर आहे. आजारी माणसाला पाण्यात उतरवलं, तो बुडाला नाही, म्हणून काठावरच्याला ढकलायचं का? शिवाय आत्महत्येचे विचार असलेल्यांना घेतलं होतं का त्यात?

कृष्णाकाठ_ते_मँचेस्टर | १३ एप्रिल, रात्री ९:२०

पावशेर, अगदी नेमकं विचारलंत. आत्महत्येचा तातडीचा गंभीर धोका असलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं. आणि हो, उंबरठ्यावरच्या मुलांमध्ये झालेल्या चाचण्या अजून लहान आहेत. त्यांतून एवढंच कळतंय की मुलं थेरपीला येतात आणि झेपवतात. थेरपीनं पुढचा सायकोसिस टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तसा शब्द कुणी देत असेल तर सावध राहा. ट्रॉमाचा (जुन्या आघाताचा) त्रास कमी होणं, झोप लागणं, घराबाहेर पडता येणं, एवढ्यासाठी ती घ्यायची. माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

इथल्या एनआयसीई या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रिस्कमधल्या मुलांना सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारी थेरपी) द्या, गरज असेल तर कुटुंबालाही सोबत घ्या, पण सायकोसिस टाळण्यासाठी म्हणून अँटिसायकोटिक (भास-संशयावरच्या) गोळ्या देऊ नका. ताई, तुमच्या डॉक्टरांनी जड औषधं दिली नाहीत, त्यामागे हेच असावं.

रानपाखरू | १४ एप्रिल, रात्री १२:४८

तीन वेळा लिहून खोडलं. आता पाठवतोच.

मी २७ वर्षांचा, पुण्यात असतो. २१ व्या वर्षी मलाही हाच शब्द मिळाला होता. मला आवाज येत नसत, वास यायचा. जळक्या रबराचा. आणि रस्त्यावर मागून येणारी प्रत्येक गाडी माझ्यासाठीच येतेय असं वाटायचं. आठवीत असताना अपघातात माझा मित्र माझ्यासमोर गेला होता. टायर जळत होता. या दोन गोष्टींची सांगड मी सात वर्षं घातली नव्हती, घरच्यांनीही नाही. माझ्या थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत विचारलं, "हा वास आधी कुठे आला होता?" मी रडायलाच लागलो.

ताई, आत नक्की काय होतं ते सांगतो, म्हणजे घरच्यांची भीती थोडी कमी होईल. त्या भेटीनंतरच्या तीन सेशन्समध्ये अपघाताचं नावही निघालं नाही. झोप, जेवण, घाबरल्यावर काय करायचं, थांबायचं असेल तर हात कसा वर करायचा, एवढंच. मग एका सेशनला ते म्हणाले, सगळ्यात वाईट क्षणाचं एकच चित्र पकड. माझं चित्र टायरचं होतं. त्या चित्रासोबत स्वतःबद्दल काय वाटतं? मी म्हणालो, "मी पळालो." त्रास शून्य ते दहात किती? दहा. मग ते समोर दोन बोटं धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचे आणि मी डोक्यात टायर ठेवून बोटांमागे डोळे फिरवायचो. अर्धा मिनिट. थांबायचं, श्वास, "आता काय येतंय?" पुन्हा. मधेच मला टायर सोडून मित्राच्या डब्यातली थालीपीठं आठवली. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला जिवंत आठवला.

पण गोड गोड सांगणार नाही. सुरुवातीचे दोन आठवडे वाईट गेले. स्वप्नं वाढली, वासही वाढला. मला आधी सांगून ठेवलेलं होतं म्हणून मी टिकलो. दादा दर सेशनला बाहेर बाकावर बसायचा आणि नंतर न विचारता चहाला न्यायचा. 'काय झालं आत?' एकदाही विचारलं नाही त्यानं. ताई, हे जमवा.

वास गेला का? वर्षातून एखाद्या वेळी येतो. आता मला माहीत असतं तो कुठून येतो.

तीन_पायांचं_मांजर | १४ एप्रिल, सकाळी १०:१५

रानपाखरू, थालीपीठापाशी थांबले. परत वरपासून वाचलं.

थोडं अवांतर, पण उपयोगी वाटलं म्हणून विचारते. माझ्या भाचीच्या वेळी कुणीतरी फिश ऑइलच्या गोळ्या सुचवल्या होत्या, रिस्कमधल्या मुलांना सायकोसिसपासून वाचवतात म्हणून. त्यात तथ्य आहे का?

पावशेर | १४ एप्रिल, सकाळी ११:३०

याबद्दल वाचलंय मी. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या चाचणीत ८१ जण होते, १३ ते २५ वयाचे. १२ आठवडे ओमेगा-३ (फिश ऑइलमधलं) दिलं. वर्षअखेर ते घेतलेल्या ४१ पैकी २ जणांना सायकोसिस झाला, खोटी गोळी घेतलेल्या ४० पैकी ११ जणांना. सगळं जग उभं राहून बघायला लागलं. मग जास्त देशांत ३०४ जणांवर करून पाहिलं, २०१७ ला निकाल आला, काहीच फरक नाही. म्हणून मी वर शंका काढत होतो. एका चाचणीवर उडी मारू नये.

शेवगा | १४ एप्रिल, सकाळी ११:४१

आमच्या मालवणच्या आजीला हे सांगायला नको. ती प्रत्येक दुखण्यावर बांगडाच सांगते, आणि आता कुठे तिला व्हिएन्नाचा पाठिंबा मिळाला होता. :)

लिंबलोण | १४ एप्रिल, दुपारी ३:२६

ताई, कुणीतरी घरात 'बाहेरचं बघा' म्हणालं असेलच. नसेल तर म्हणेल. म्हणून माझं सांगते.

आम्ही बीडकडचे. माझी मोठी बहीण १७ वर्षांची असताना एकटीच बोलायची, घाबरायची. तिला एका बाबाकडे नेलं. दोरीनं बांधून मिरच्यांची धुरी दिली. मी दाराच्या फटीतून बघत होते, नऊ वर्षांची. ती आज पन्नाशीला आलीय, आजार औषधांनी बराचसा ताब्यात आहे. पण फोडणीत मिरची जळाली की ती परसात जाऊन उभी राहते. डॉक्टर तिच्या भासांबद्दल विचारतात, गोळ्या बदलतात. धुरीबद्दल तिला कुणीही कधी विचारलेलं नाही. तीस-बत्तीस वर्षांत एकदाही नाही.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. आमच्या वेळी तो नव्हता.

आज हा धागा वाचून मी तिला विचारायचं ठरवलंय.

निवृत्त_मास्तर | १५ एप्रिल, सकाळी ६:०५

घाटमाथा, मी तुमच्याच पिढीचा. ३४ वर्षं शिक्षक होतो, जिल्हा परिषदेच्या शाळांत. मीही मारलं आहे. वेताच्या छडीनं, बोटांच्या मागच्या बाजूला, थंडीच्या दिवसांत. तेव्हा वाटायचं, आपण पोरांचं भलं करतोय.

निवृत्तीनंतर एका लग्नात एक माजी विद्यार्थी भेटला, चाळिशीचा गृहस्थ. पाया पडला. त्याची बायको म्हणाली, "सर, हे झोपेत अजून 'नको सर' म्हणतात." हसत म्हणाली. तोही हसला. मी जेवलो नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ नं शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आली, म्हणजे या मुलाच्या वेळी तो लागू होता. वॉर्डनविरुद्ध तक्रार करायची की नाही हा त्या मुलाचा निर्णय. पण 'सगळ्यांनीच मार खाल्लाय' हे वाक्य आपण वयस्कर माणसांनी आता वापरू नये असं मला वाटतं. ज्यांना काही झालं, ते आपल्याला सांगायला आले नाहीत, एवढंच.

घाटमाथा | १५ एप्रिल, सकाळी ८:४०

मास्तर, तुमच्यापुढं काही बोलत नाही. ते वाक्य मागे घेतो.

शिक्क्याचं म्हणणं मात्र सोडत नाही. कृष्णाकाठ स्वतःच सांगतायत की १०० पैकी ७५ जणांना तीन वर्षांत सायकोसिस होत नाही. मग त्या ७५ पोरांनी 'तू वेडा होशील' ही भीती का वाहायची? ताई, भावाशी बोलताना 'सायकोसिस' शब्द वापरू नका असं मला वाटतं. 'शाळेतल्या त्रासावर उपचार' म्हणा. ते खरंही आहे.

रानपाखरू | १५ एप्रिल, सकाळी ९:१५

घाटमाथाकाका, घरात कोणता शब्द वापरायचा यावर +१. पण मला तो शब्द लपवून ठेवला असता तर मी नेटवर शोधून त्याहून भयंकर काहीतरी वाचलं असतं. वाचलंच होतं. डॉक्टरांनी समोर बसवून आकडा सांगितला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

खारीक | १५ एप्रिल, रात्री १०:३०

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिक. उशिरा आलो, बरंच चांगलं लिहून झालंय. व्यवहारातलं थोडं सांगतो.

मिरजेची ताई, भावाच्या त्रासात दोन धागे एकमेकांत गुंतलेत. किल्ल्यांचा आवाज आणि "ऊठ" हे कदाचित भास म्हणण्यापेक्षा आठवणच असेल, जी 'हे तेव्हाचं आहे' हा टॅग न लागता परत येते. पण गल्लीतल्या पोरांबद्दलचा संशय थोडा वेगळा. तो 'लोक धोकादायक असतात, बेसावध राहिलो तर मार बसेल' या शाळेत शिकलेल्या धड्यातून आलेला असू शकतो. चांगला थेरपिस्ट आधी दोन-तीन भेटींत हा नकाशा तुमच्या भावाबरोबर बसून काढतो, कागदावर. तो न काढता कुणी पहिल्याच दिवशी बोटं हलवायला लागलं तर मला ते खटकेल.

मॅडमचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का, हे निःसंकोच विचारा. ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, भास होणाऱ्या किती जणांबरोबर काम केलंय, सायकिॲट्रिस्टशी त्या बोलतात का. यात अपमान वाटून घेणारा थेरपिस्ट मी टाळीन. डोळ्यांच्या हालचालींचा नेमका वाटा किती, यावर आमच्यात अजून वाद आहेत. काहींचं म्हणणं असं की आठवण डोक्यात धरून एकाच वेळी दुसरं काम केलं की तिची धार बोथट होते. ईएमडीआर जवळ मिळत नसेल तर ट्रॉमावरची सीबीटी किंवा प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरही चालतं. त्यात आठवण मोठ्यानं, वर्तमानकाळात सांगायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची असते.

कधी थांबायचं? जीव द्यायचे विचार तीव्र असतील, गांजा चालू असेल, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसेल, किंवा तो मार देणाऱ्या माणसाच्याच ताब्यात अजूनही राहत असेल, तर आधी ते सांभाळायचं. गांजाबद्दल भावाला एकांतात विचारा, आईसमोर नको. रिस्कमध्ये असताना तो फार महागात पडतो.

आणि "तसं नसेलही" हे म्हणणं ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी थेरपीची वाट न बघता सायकिॲट्रिस्टकडे. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलतात.

एक शेवटचं. भाऊ १९ चा आहे, सज्ञान. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. मॅडम तुम्हाला आतलं सांगणार नाहीत, आणि ते बरोबर आहे.

मिरजेची_ताई | १६ एप्रिल, रात्री ११:०५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. रानपाखरूंचा आईला वाचून दाखवला. तिनं डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "तो मुलगा आता जेवतो का नीट?" तिच्या वतीनं विचारतेय.

गांजाचं विचारलं. नाही म्हणाला, एकदा मित्रांबरोबर ओढला होता, तेव्हा फार घाबरला. मॅडमना फोन करून खारीक यांचे सगळे प्रश्न विचारले. अजिबात चिडल्या नाहीत. आरसीआय नंबर स्वतःहून सांगितला.

फीचा प्रश्न आहे. आठवड्याला सेशन म्हणजे आम्हाला जड जाईल.

खारीक | १६ एप्रिल, रात्री ११:५०

मॅडमना सरळ सांगा, बरेच जण फी कमी करतात. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जवळजवळ फुकट होतं, पण तिथे ट्रॉमाचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी आहे का ते आधी विचारून घ्या. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरा असं तोच कायदा सांगतो, मात्र बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत.

रानपाखरू | १७ एप्रिल, सकाळी ८:०२

काकूंना सांगा, जेवतो. डबा स्वतः करतो. थालीपीठ अजून गोल जमत नाही.

एक_बाप | १९ एप्रिल, दुपारी २:१०

उलट बाजूही असू द्या. माझ्या मुलीला एका ठिकाणी 'ट्रॉमा हीलिंग'च्या नावाखाली दोन दिवसांच्या शिबिरात बसवलं. चाळीस माणसं, माईक, सगळ्यांसमोर लहानपणीचं सांगायचं. आधी तपासणी नाही, नंतर फोन नाही. तिसऱ्या दिवसापासून तिला वाटायला लागलं की शिबिरातले लोक तिचं बोलणं सगळीकडे पसरवतायत. दोन महिने रुग्णालयात गेले. शिबिर नसतं तर ती आजारी पडलीच नसती असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण 'जुनं उघडणं' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो माईक येतो. आत्यांची भीती अगदी हवेतली नाही.

कृष्णाकाठ_ते_मँचेस्टर | १९ एप्रिल, सायंकाळी ६:४५

एक_बाप, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या मुलीला जे दिलं त्याला थेरपी म्हणता येत नाही. एका खोलीत एकच माणूस, थांबायचा हात त्याच्या ताब्यात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच चेहरा समोर, हे नसेल तर उघडूच नये. ती कशी आहे आता?

एक_बाप | १९ एप्रिल, रात्री ८:३०

बरी आहे. लायब्ररीत अर्धवेळ कामाला जाते. धन्यवाद विचारल्याबद्दल.

लिंबलोण | २ मे, दुपारी १२:२०

बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "तू बघत होतीस हे मला माहीत होतं. तुझा डोळा दिसत होता फटीतून." पुढं आम्ही दोघी काही बोललो नाही, चिंच फोडत बसलो. पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे मी तिच्यासोबत आत जाणार आहे.

मिरजेची_ताई | १७ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

नऊ सेशन्स झाली. चौथ्या-पाचव्याच्या दरम्यान फार वाईट गेले दिवस, रोज किल्ल्या ऐकू यायच्या, एकदा रात्री दोनला १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंनी त्याच्याशी वीस मिनिटं बोलून त्याला शांत केलं. आत्या म्हणाली, "सांगत होते ना." त्या आठवड्यात सायकिॲट्रिस्टनी बोलावून घेतलं, मॅडमनी वेग कमी केला, पण थांबवलं नाही. जुलैपासून "ऊठ" ऐकू आलेलं नाही. किल्ल्या अधूनमधून येतात. गल्लीतल्या पोरांबद्दल अजून वाटतं, पण परवा त्यांच्यात जाऊन दहा मिनिटं कॅरम खेळून आला. परीक्षेचा एक विषय राहिलाय. तांब्या अजून दाराशीच असतो. फक्त आता त्यात पाणी भरून ठेवतो, रात्री तहान लागते म्हणतो.

त्यानं आईला जूनमध्ये सगळं स्वतः सांगितलं. त्या शाळेत घालायचा हट्ट तिचाच होता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कमरेचा जुडगा दिसेना. वीस वर्षं तो तिथं होता, कपाटाची, कोठीची, गेटची, सगळ्या किल्ल्या. तिनं सुट्या करून डब्यात टाकल्या होत्या, चालताना वाजू नयेत म्हणून. त्याच्या लक्षात यायला आठवडा लागला. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, तुझा जुडगा कुठं गेला? तो तुझाच आवाज आहे, तो राहू दे."

मॅडमना त्यानं हे सांगितलं. शनिवारच्या सेशनला आईनं जुडगा घेऊन यावं, असं दोघांनी मिळून ठरवलंय. आई आत्ता माझ्या शेजारी बसून किल्ल्या परत रिंगेत घालतेय. विचारतेय, गेटची गंजलेली आहे, ती वाजत नाही, तरी घालू का?

खारीक | १७ ऑगस्ट, रात्री १०:४०

घालू द्या काकूंना. जशी होती तशीच.